न उचललेला पेला

सलोमी भंडारे देवाला मानायची, पण त्याचं सगळंच ऐकायची असं मात्र नाही. दर रविवारी साडेनऊच्या उपासनेला ती हजर असायची. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, मुठीत रुमाल आणि डाव्या हाताला खिडकीजवळचा तिसरा बाक. गाणी खड्या आवाजात म्हणायची. प्रभूची प्रार्थनाही सगळ्यांबरोबर म्हणायची, फक्त दुसऱ्याला क्षमा करायची ओळ आली की तोंड मिटून घ्यायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरात सामील व्हायची. शेजारच्या बायकांना याची इतकी सवय झाली होती की कुणी मान वळवून बघतसुद्धा नसे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र सगळे बघायचे. त्या दिवशी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात द्राक्षाचा रस, एवढंच ते भोजन, पण त्याचा मान मोठा. पाळक, चर्चचे धर्मगुरू, आधी बजावून सांगतात की कुणाशी वैर असेल तर ते मिटवा, मगच हात पुढे करा. मग मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारी मानाची माणसं, पेल्यांचं तबक घेऊन बाकाबाकाशी फिरतात. डाव्या ओळीला तबक घेऊन यायचे ते येशुदास लोंढे. तिसऱ्या बाकापाशी ते थांबायचे, सलोमीसमोर तबक धरायचे. सलोमी दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. पेला उचलायची नाही. त्यांची नजर तबकात आणि तिची नजर त्यांच्या डोळ्यांत, असं थोडा वेळ चालायचं आणि तबक पुढे जायचं. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं. लोंढ्यांना ओळ बदलून घेता आली असती, पण मग कारण सांगावं लागलं असतं. तेवढी छाती त्यांच्यात नव्हती, आणि हे सलोमीला पक्कं ठाऊक होतं.

प्रकरण असं होतं. सोलापुरात सात रस्त्याजवळ तेव्हा एक खासगी नर्सिंग होम होतं. आता तिथं मोबाईलची दुकानं आहेत. लोंढे तिथं मॅनेजर आणि सलोमी स्टाफ नर्स. नवरा वारलेला, पदरात आठ वर्षांची पायल. मे महिन्यातल्या एका दुपारी मंद्रूपच्या रंभाबाई नावाच्या बाईंचा श्वास कोंडला. सलोमीनं ऑक्सिजन लावला आणि काटा शून्यावर बसला. दुसरा सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, तोही रिकामा. सलोमीनं तीन दिवस ओळीनं वॉर्डच्या वहीत लिहिलं होतं, सिलिंडर संपत आलेत, मागवा. तिन्ही दिवस लोंढ्यांनी खाली सही केली होती. मागवले मात्र नव्हते. सिलिंडरची गाडी येईपर्यंत रंभाबाई गेल्या.

तासाभरानं वही उघडली तेव्हा त्यातलं पान गायब. नातेवाईक व्हरांड्यात जमलेले, आणि लोंढे त्यांना गंभीर आवाजात सांगत होते की सिस्टरनं काटा बघितला नाही, चूक झाली, आम्ही कारवाई करतोय. रंभाबाईंचा मुलगा हिंदुराव सलोमीसमोर येऊन उभा राहिला. तो मारणार, असं तिला वाटलं. त्यानं मारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आई तुमच्या हवाली केल्ती की ओ."

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं सलोमी पुढं कित्येक वर्षं म्हणायची.

तिला काढून टाकलं. गावातल्या एकाही दवाखान्यानं दारात उभं केलं नाही. ती लोंढ्यांच्या घरी गेली, तर ते फाटकातूनच म्हणाले, "देव बघतोय सलोमी, तू घरी जा." आणि त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी हेच गृहस्थ पांढऱ्याशुभ्र शर्टात तबक घेऊन तिच्यापुढे उभे. त्या दिवशी तिचा हात उचललाच गेला नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. तिसऱ्या महिन्यापासून मात्र तिनं तो मुद्दाम उचलला नाही. भर मंडळीत, देवासमोर, एक शब्द न बोलता त्या माणसाला दर महिन्याला चोर ठरवायचं, हा तिचा सूड होता. बाईमाणसाला तेवढंच शस्त्र मिळालं होतं आणि ती ते परजून होती.

पोटासाठी, पायलला वाढवण्यासाठी तिनं अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरी जाऊन सेवा करायला सुरुवात केली. त्यात मात्र तिनं नाव काढलं. खिळलेल्या माणसाचा खरा वैरी आजार नसतो, अंथरूण असतं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि माणूस जिवंतपणी नासायला लागतो. सलोमीच्या हाताखालच्या पेशंटला कधी जखम झाली नाही. शिव्या खाल्ल्या असतील. तिच्या तोंडाला फार धार होती आणि पेशंटचे नातेवाईक तिला टरकून असायचे. पण सोलापुरातले डॉक्टर आपणहून तिचा नंबर द्यायला लागले.

तर गेल्या वर्षी दिवाळीनंतर लोंढ्यांना अर्धांगाचा झटका आला. वय शहात्तर. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको आधीच वारलेली, घरात एकटी मुलगी, दिपाली. ती बँकेत नोकरीला. सेवेला ठेवलेल्या पहिल्या दोन बायकांनी महिन्याभरात म्हाताऱ्याच्या पाठीला रुपयाएवढी जखम केली. डॉक्टरांनी दिपालीला सलोमीचा नंबर दिला. तो बघून बिचारी दोन दिवस घुटमळली आणि शेवटी रेल्वे लाईन्सपलीकडच्या सलोमीच्या दोन खोल्यांत येऊन, पदराशी चाळा करत म्हणाली, "मावशी, बाबांनी तुम्हाला त्या वेळी कामावरून काढलं होतं, मला माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

"उद्या आठला येते," सलोमी म्हणाली.

दिपालीला रडू आलं. मंडळीत बातमी पसरली आणि जो तो म्हणू लागला, केवढं हे मन. सलोमी ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, मनाचं तुम्हाला काय ठाऊक आहे.

तिला दया बिया काही आलेली नव्हती. लोंढे मरतील आणि ते पान कुणी फाडलं हे त्यांच्याबरोबर मातीत जाईल, या धास्तीनं ती आली होती. तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. एकटीला नाही, मंडळीसमोर. त्यासाठी म्हातारा जगायला हवा होता आणि बोलायला हवा होता. दोन्ही गोष्टी करायचा विडा उचलून ती विजापूर रस्त्यावरच्या त्या घरात शिरली.

तिला दारात बघितल्यावर लोंढ्यांचा डावा डोळा एवढा मोठा झाला की तिचं मन निवलं. भीती ओळखता येते. सलोमी पलंगापाशी गेली, चादर नीट केली आणि हळूच म्हणाली, "सलाम साहेब. आता आपल्याला पुष्कळ वेळ आहे."

"बरं," लोंढे म्हणाले.

झटक्यानंतर त्यांच्यापाशी हा एकच शब्द उरला होता. भूक लागली, बरं. लघवी झाली, बरं. दुखतंय, बरं. डॉक्टर म्हणाले होते की त्यांना कळतं सगळं, पण जिभेवर येताना शब्दाची वाट चुकते. शिकवलं तर थोडं येईल.

मग सलोमीनं शिकवायला घेतलं. सकाळी अंग पुसून, जखमेला मलम लावून, ज्वारीची दाट आंबील चमच्यानं भरवून झाली की शाळा सुरू. पातळ काही गिळताना त्यांना ठसका लागे आणि ते छातीत उतरण्याचा धोका होता, म्हणून पाणीसुद्धा आरारूट घालून दाट करावं लागे. एवढं सगळं करून ती खुर्ची ओढून समोर बसायची आणि लहान पोराला अक्षरं गिरवायला लावावीत तसे तीनच शब्द गिरवून घ्यायची.

"म्हणा. मी."

"बरं."

"बरं नाही. मी. ओठ मिटा. मी."

"मी" यायला तीन आठवडे लागले. "पान" यायला आणखी महिना. तिसरा शब्द होता "फाडलं", आणि तिथं म्हाताऱ्याची जीभ टाळूला चिकटून बसायची. घाम फुटायचा. पुष्कळदा तो रडायचा. झटक्याच्या पेशंटला उगीचच रडू येतं, तो आजाराचाच भाग असतो, हे सलोमीला माहीत होतं. ती रुमालानं डोळे पुसायची आणि म्हणायची, "रडून झालं असेल तर म्हणा. फा."

स्वयंपाकाला मल्लव्वा नावाची दुधनीची बाई होती. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारी, दुरड्या दुरड्या भाकरी करणारी. तिनं एकदा दारातून हे बघितलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, "अक्का, पानी, भाकर, देव, असलं काय तर शिकवावं की. पान फाडलं म्हनं. ह्ये कसलं शिक्शान?"

"त्यांचा राहिलेला धडा आहे," सलोमी म्हणाली.

"लई कडू हायस बग तू," मल्लव्वा म्हणाली आणि परातीकडे वळली.

कडू तर होतीच. आणि त्यातच एका संध्याकाळी दिपालीनं त्यात भर घातली. बिचारीच्या मनात वाईट काही नव्हतं. चहा देता देता ती म्हणाली, "मावशी, एक सांगू? आई नेहमी तुमचं कौतुक करायची. म्हणायची, ती बाई प्रामाणिक आहे. हातून पेशंट गेला म्हणून मनाला लागलंय तिच्या, स्वतःला योग्य समजत नाही म्हणून पेला घेत नाही. सगळी मंडळी असंच म्हणते. पण आता पुरे की. देवानं कधीच माफ केलं असेल तुम्हाला."

सलोमीनं कप खाली ठेवला. अठरा वर्षं ती लोंढ्यांकडे बोट दाखवत होती आणि अठरा वर्षं सगळ्या मंडळीला ते बोट तिच्याच छातीवर टेकलेलं दिसत होतं. चर्चमध्ये पेला नाकारणारा माणूस म्हणजे पापाची टोचणी लागलेला माणूस, हा साधा अर्थ तिला कधी सुचला नाही, कारण तिच्या मनात पापी एकच होता. दर महिन्याला ती भर सभेत न केलेला गुन्हा कबूल करून येत होती. आणि ज्याला खरं कळत होतं तो एकटाच इसम आतल्या खोलीत हवेच्या गादीवर पडून "बरं" म्हणत होता.

त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही. दातओठ खात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला ती लोंढ्यांच्या उशाशी होती आणि "फा"चा धडा त्या दिवशी दुप्पट वेळ चालला.

मार्चपर्यंत पाठीची जखम भरून आली. नवे पाळक, अमृत वाघचौरे नावाचे तिशीतले गृहस्थ, येऊन बघून गेले आणि पुढच्या रविवारी त्यांनी दयेवर संदेश दिला. म्हणाले, न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं, आणि दया म्हणजे ज्याला मिळायला नको त्यालाही देणं. आपण दया दया म्हणतो, पण ती हातांनी करायची गोष्ट आहे. बघायची असेल तर आपल्या सलोमीताईंकडे बघा. सगळ्या माना वळल्या. सलोमी सरळ समोर बघत बसली. तिला हसू येत होतं आणि हसूपेक्षा जास्त राग येत होता. दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड पुसणं, घास गिळेपर्यंत थांबणं, हे सगळं दया म्हणून चालतं आणि सूड म्हणूनही चालतं, बाहेरून काडीचा फरक दिसत नाही, हे त्या तरुण पाळकाला कुणी सांगावं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला लोंढ्यांच्या घरी प्रभुभोजन ठरलं. आजारी माणसाला चर्चला येता येत नसेल तर पाळक ते घरी आणतात. सलोमीनंच ते ठरवून आणलं होतं. मंडळीचे दोन वडील आणि महिला मंडळाच्या सहा-सात बायका आल्या. तिनं पाळकांना आधीच सांगून ठेवलं होतं की रस दाट करावा लागेल. पाळकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, चालेल, रस तोच आहे.

गाणं झालं, प्रार्थना झाली. सलोमी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेबांना आधी दोन शब्द बोलायचेत." बायका कौतुकानं पुढे सरकल्या. लोंढे उशांना टेकून बसलेले. सलोमीनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. अगदी तशीच, जशी चर्चमध्ये बघायची.

"मी," लोंढे म्हणाले. ओठ थरथरले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "मी... ब... बरं. बरं."

बायकांनी डोळे पुसले. एक वडील म्हणाले, "बरं आहे म्हणतात. देवाची कृपा." तीन-चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. सलोमीला वाटलं, तिथल्या तिथं म्हाताऱ्याची गचांडी धरावी.

पाळकांनी दाट रसाचा चमचा लोंढ्यांच्या ओठांशी नेला. लोंढ्यांनी तोंड मिटून घेतलं. पाळक थांबले, पुन्हा चमचा नेला. जबडा आवळलेला.

"बाबा, उघडा की तोंड," दिपाली म्हणाली.

लोंढ्यांनी मान बाजूला वळवली. पेला न घेण्याचा अर्थ या मंडळीला पाठ होता, अठरा वर्षं सलोमीवर त्यांनी तो गिरवला होता. एक वडील पुढे वाकून हळूच म्हणाले, "का हो लोंढे?"

लोंढ्यांनी डावा हात उचलला, सलोमीकडे बोट केलं आणि जोरजोरानं हलवून नाही, नाही अशी खूण केली. मग तोच हात स्वतःच्या छातीवर आपटला. "मी," ते म्हणाले. "पान. मी."

सगळे सलोमीकडे बघायला लागले. मग तिनं सांगितलं. इतकी वर्षं तोंडात धरलेलं होतं, ते काही तिनं गोड करून सांगितलं नाही. सिलिंडर, वही, तीन सह्या, फाटलेलं पान, व्हरांड्यातलं भाषण, फाटकातलं देव बघतोय. एकेका वाक्याला ती थांबायची आणि लोंढ्यांकडे वळून विचारायची, "खरं का खोटं?" आणि लोंढे मान हलवायचे. दिपाली भिंतीला टेकून खाली बसली. सलोमीनं तिच्याकडे बघितलं, तरी ती थांबली नाही.

तिचं सांगून झालं. पाळकांच्या हातात चमचा तसाच होता. ते म्हणाले, "सलोमीताई, त्यांनी कबूल केलं. तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर. आता वैर मिटलं असं तुम्ही म्हणालात, तर मी त्यांना देतो. तुमच्या हातात आहे."

लोंढे तिच्याकडे बघत होते. तोंड आता उघडं होतं.

"नाही," सलोमी म्हणाली. "आज नको. पुढच्या महिन्यात बघू. एक महिना कळू दे त्यांना."

पाळकांनी चमचा खाली ठेवला. माणसं माना खाली घालून निघून गेली. दिपालीनं एकच विचारलं, "यासाठी आला होतात तुम्ही?"

"हो. यासाठीच."

त्या दिवशी घरी जाऊन सलोमी पोटभर जेवली. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. आठवडाभरात मंडळीतल्या बायका एकेक करून तिचे हात धरून गेल्या. एका वडिलांनी मंद्रूपला हिंदुरावला फोन करून सगळं सांगितलं. सगळं तिला हवं होतं तसंच झालं. चार दिवस ती ताठ मानेनं हिंडली आणि पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की राग जिथं होता तिथंच आहे, फक्त आता त्याला करायला काही काम उरलेलं नाही.

लोंढ्यांकडे ती जात होतीच. महिना पुरा व्हायचा होता ना. दिपाली दार उघडायची, बोलायची नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी लोंढ्यांच्या अंगात सणकून ताप होता. छातीत घरघर. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं आणि दिपालीला बाजूला घेऊन म्हणाले की हॉस्पिटलात नेऊन उगाच नळ्या घालण्यात अर्थ नाही, एक-दोन दिवस बघू. सलोमीनं ऐकलं. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्या घरघरीवरून तिला ते कळलं होतं.

लोंढे तोंड उघडायचे आणि मिटायचे. तिनं दाट पाण्याचा चमचा नेला तर ओठ घट्ट. चमचा मागे घेतला की पुन्हा तोंड उघडं. "बरं" म्हणणंही त्यांनी सोडून दिलं होतं. मल्लव्वा दाराशी उभी राहून बघत होती. "अक्का," ती म्हणाली, "आमच्यात न्हाय बग तुमच्यावानी पेला-बिला. पर ह्या मानसाचा जीव त्यातच अडकलाय, मला दिसतंय की. दिऊन टाक. तुजं काय जातंय?"

"माझं काय गेलंय ते तुला ठाऊक नाही," सलोमी फणकारली. "जा आत."

मल्लव्वा गेली. सलोमी खुर्चीत बसून राहिली. समोर एक माणूस तोंड उघडं टाकून काहीतरी मागत होता आणि ते त्याला मिळत नव्हतं. असं तिनं एकदा बघितलं होतं. त्या वेळी सिलिंडर रिकामा होता, तिचा इलाज नव्हता. या वेळी तो भरलेला होता आणि चावी तिच्या हातात होती. हा माणूस असाच गेला तर कुणाच्या हातून गेला, हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नसणार. तिला मात्र कळणार. आणि तिला आपल्या त्या एका गोष्टीचा फार अभिमान होता, की तिच्या हातात दिलेलं माणूस तिनं कधी जाणूनबुजून वाऱ्यावर सोडलं नाही.

या माणसानं तिची नोकरी नेली, नाव नेलं, आणि आता मरता मरता हेही काढून घ्यायला निघाला होता.

ती उठली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"ऐका साहेब. मी पाळकांना बोलावते. ते मला विचारतील, वैर मिटलं का. मी हो म्हणणार आहे. ते खोटं आहे. मिटलेलं नाही. तुम्हाला बघितलं की अजून माझ्या पोटात आग पडते, आणि तुम्ही मेल्यावरही पडणार आहे. वर गेल्यावर विचारलं तर सरळ सांगा, सलोमी भंडारेनं खोटं बोलून मला पाजलं. तिचं काय करायचं ते तिच्याशी बघा. कळलं?"

लोंढ्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तिनं ते पुसलं.

पाळक अर्ध्या तासात स्कूटरवरून आले. दिपाली बँकेतून धावत आली आणि दाराशीच उभी राहिली. पाळकांनी प्रार्थना केली, पेला भरला आणि सलोमीकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांना विचारायची भीती वाटते आहे.

"ताई, तुमच्या मनात यांच्याविषयी काही राहिलंय?"

"नाही," सलोमी म्हणाली. "काही राहिलं नाही."

पाळकांनी तिच्याकडे बघितलं. तरुण असले तरी ते काही अगदीच खुळे नव्हते. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पेला तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच द्या. तुम्हाला जमतं."

तिनं रस वाटीत ओतला, चिमूटभर आरारूट घालून ढवळला, गुठळी राहिली नाही ना ते बघितलं. लोंढ्यांची मान हातावर घेऊन थोडी पुढे झुकवली, हनुवटी छातीकडे आणली, म्हणजे रस श्वासाच्या वाटेनं जात नाही. मग पहिला चमचा त्यांच्या जिभेवर ठेवला आणि गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरा भरला नाही.